मागची चाकं

बर्स्लेममध्ये, जिथे कपबश्या भाजायच्या
त्या थंड भट्टीशेजारच्या शेडमध्ये
मंगळवारी दहाला फोर्कलिफ्टचा वर्ग भरतो.
बायकांचा. फुकट. वर चहा.
माझं काम फॉर्म भरायचं,
पण फॉर्म भरताना मांडीवर कुणाचं तरी पोर असतंच.

शिकवते ग्लेनिस.
एकतीस वर्षं तिनं कपांना कान चिकटवले.
कारखाना बंद झाला तेव्हा निरोपादाखल
सहा जणांचा डिनर सेट मिळाला.
"जेवायला सहा जण आणू कुठून?" म्हणते,
आणि त्याच ताटल्या खोक्यात भरून
पॅलेटवर चढवते, सरावाला.
अजून चार शिल्लक आहेत.

पहिल्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं:
ही गाडी मागच्या चाकांनी वळते.
तोंड डावीकडे नेलंत की शेपूट उजवीकडे फेकली जाते.
म्हणून मागे बघा. सारखं मागे बघा.
हिबाक हसली.
म्हणाली, ते येतं आम्हाला.

हिबाक. तीन मुलं, रात्री ऑफिसांचे संडास,
पगार नवऱ्याच्या खात्यात,
नवरा दोन वर्षं बर्मिंगहॅमला, खातंही त्याच्याबरोबर.
हातात येतात ते पैसे बायकांच्या वर्तुळातले:
महिन्याला दहा दहा पौंड, सगळे मिळून एकीला,
पाळीपाळीनं.
"आम्ही हगबाद म्हणतो."
"आम्ही भिशी."
मग आम्ही दोघी उगाच हसत राहिलो,
परक्या गावात आपलंच आडनाव निघावं तशा.

टेरीसा पहिल्याच फटक्यात पास.
काशा दुसऱ्या आठवड्यानंतर आली नाही.
दंडावर निळं होतं. ग्लेनिस दोनदा तिच्या दारात जाऊन आली,
पडदा हलला, दार नाही.
हजेरीत तिचं नाव आहे अजून. मी खोडत नाही.

हिबाक दोनदा नापास.
एकदा हॉर्न विसरली,
एकदा मागे परीक्षक उभा म्हणून
मागे बघायचंच धाडस झालं नाही.
तिसऱ्या खेपेला तिनं टनभर खोकी
वरच्या फळीवर टेकवली
आणि काटे खालून असे काढून घेतले
जसा झोपलेल्या मुलाच्या मानेखालून
आपण हात काढून घेतो.

फेंटनच्या गोदामात लागली. तासाला तेरा पौंड वीस.
पगाराआधी खातं हवं, तिच्या एकटीच्या नावाचं.
बँकेत सोबत मी.
बाहेर मशीनपुढे मीच बजावलं होतं:
आकडे दाबताना हात आडवा धर,
कुणाला दिसता कामा नयेत,
पोरांना नाही, बहिणीला नाही.
तिनं तळहात आडवा धरला
आणि माझ्याकडे बघत थांबली.
कळायला मला जरा वेळ लागला.
मी तोंड भिंतीकडे फिरवलं.
भिंतीवर कर्जाची जाहिरात, दात दाखवत.
मागून चार बारीक टिकटिक.

बसमध्ये आठवलं,
माझ्या कार्डाचे आकडे म्हणजे लग्नाची तारीख.
यांनीच निवडलेली.
दिरांना ठाऊक,
सांगलीला सासूबाईंना तोंडपाठ;
एकदा मी विसरले तर फोनवरून त्यांनीच सांगितली होती.
बावीस वर्षं.
आणि मी लोकांना हात आडवा धरायला शिकवते.

हॅन्लीला उतरले.
बेकरीच्या बाजूला एक मशीन आहे.
रांग नव्हती, मागे कुणी नव्हतं.
तरी मागे बघितलं.
आकडे बदलले.

कुठले, ते विचारू नका.