मुचंडीकरांचा ढेकर

कपाटात, साड्यांच्या मधे उभी राहून
मी बाईचा आवाज काढते.
बाईचं डोकं म्हणजे कुकर.
चिडली की शिट्टी, फारच चिडली की
झाकण छताला आणि वरण शेजाऱ्यांकडे.
बाहेरून भरमू ओरडतो, अजून चिरकं कर ताई,
बँकेत बोलतेस तसं नको.

खडेबाजारात घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर
रात्री दोन-दोनपर्यंत बसून काढतो तो ही मालिका.
सगळ्यांना बोटं चारच,
पाचव्याला वेळ जातो.
बाकी भाग्यनगर, आठवा क्रॉस, जसाच्या तसा:
गेटावर सिमेंटचा सिंह, सिंहाच्या जबड्यात दुधाची पिशवी.
फक्त आमचा सिंह पादतो
आणि तो वास हळूहळू माणसाएवढा होऊन
हात जोडून दारोदार मत मागतो.

संडासाची टाकी बोलते.
तिला दोन तोंडं, एक कन्नड, एक मराठी.
दिवसभर भांडण,
आतला माल मात्र एकच.
तो भाग बघून होसमनी काका आणि बाबा
एका पायरीवर बसून खोकला येईस्तोवर हसले,
मग उठून
आपापली गेटं लावून घेतली.

आणि ते पोटवाले आजोबा.
बनियन वर सरकलेलं, बेंबी स्वतंत्र बोलणारी.
जेवून ढेकर दिला की
तिसऱ्या रेल्वे गेटची दांडी आपोआप वर,
मिरजेची गाडी उलटी पळत खानापूरला.
हे कोण, असं गल्लीत कुणीच विचारलं नाही.

एका रविवारी बेल वाजली. दारात मुचंडीकर.
उद्यमबागेत तीस वर्षं साचे ठोकलेले हात
बनियन खाली ओढत होते.
भरमू पलंगाखाली शिरायच्या बेतात.
"काय रे, माझं पोट काढुलालास म्हणे?
काढ की. पण ढेकर कुणाचा घातलास तो?
बेडकाचा काय?
माझा असा असतोय होय?"

आणि ते कपाटात शिरले.
आईच्या शालूला डोकं टेकवून
एक सोडा, अर्धा तांब्या पाणी.
भट्टीचं तोंड उघडण्याआधी बघावं
तसं एकदा आमच्याकडे बघितलं
आणि दिला.
हँगर वाजले. आत कुठंतरी बांगड्यांचा डबा कलंडला.
पडद्यावर रेघ उठली, येळ्ळूरच्या गडासारखी,
चढ, सपाटी, मग एकदम दरी.
"आता बरोबर," म्हणाले,
"शेवटी जरा कंप येतोय बघ, तेवढा कापू नको."

कापला नाही. अकरा भागांत वापरला.

आता ते मुलाकडे, बेंगळुरूला, चौदाव्या मजल्यावर.
इथला सिंह नव्या मालकानं छिन्नीनं उतरवला.
फोन येतो कधी.
"लिफ्टमधे पण हळू बोलायचं म्हणे.
सून म्हणते, अप्पा, शेजारी मीटिंगमधे आहेत.
गिळतोय बघ सगळे. आठ महिने झाले."

भरमूनं लगेच नवा भाग घेतला:
आठ महिन्यांचे ढेकर, पोट फुगत फुगत
खिडकीतून बाहेर, बनियनसकट.
तुमकूर, दावणगेरे, हुबळी.
धारवाडला पेढ्याचा वास आला म्हणून दोन फूट खाली.
कित्तूरपासून एक कावळा बेंबीशी गप्पा मारत बरोबर.
हलग्याच्या माळावरचं सुवर्णसौध वरून बघून म्हणतात,
केवढं मोठं रे, आणि वाळत घातलेलं एक धोतर नाही.
मग आठवा क्रॉस. आमच्या सिंटेक्सच्या टाकीवर
येऊन थांबतात, हवेत,
खाली कुकरबाई, चार बोटं कपाळावर धरून.

इथं भरमू अडकलाय.
टाचणी लावावी
की तसंच तरंगत ठेवावं.

शालूवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे.
आईला अजून दिसलेला नाही.
"ताई, तुझं वाक्य," बाहेरून आवाज.
कागदावर एवढंच:
उतरा की आता, जेवण गार होऊलंय.
चिरक्या आवाजात म्हणायचं आहे.
चार वेळा केलं.
चारही वेळा माझाच आवाज आला.