प्रात्यक्षिक क्रमांक सात

सोमवारी ब्रागांझा सर शिकवतात
दार कसं लावायचं.
मंगळवारी दुकळे मॅडम शिकवतात
माणसाला दारापर्यंत कसं आणायचं,
पहिलं वाक्य कितव्या शब्दाला संपावं,
बटणावर ‘पाठवा’ लिहावं की ‘पुढे चला’.
पदवी एकच. हॉल तिकिटही एक.
साखळीहून फोंड्याला येताना
दोन्ही वह्या माझ्या मांडीवर असतात
आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

सातवं प्रात्यक्षिक: गरीला आमिष लावा.
प्राचार्यांची परवानगी, सही-शिक्क्यासह.
कॉलेजातल्याच लोकांना खोटा मेल पाठवायचा,
कोण अडकतं ते मोजायचं, मग त्यांना सावध करायचं.
ज्योव्हिताने लॉटरी लावली. कुणी फिरकलं नाही.
यतीनने बँक. तिघे.
मी वीज खात्याच्या आवाजात लिहिलं, मराठीत:
‘आपल्या मीटरची नोंद अपुरी आहे.’
अपुरी. चुकीची नव्हे.
चूक म्हटलं की माणूस भांडायला उठतो,
अपुरं म्हटलं की खिसे चाचपतो.
हे कुठल्याच पेपरात नाही.
माझी आई पंचायतीबाहेर बसून
लोकांचे अर्ज लिहून देते, तिच्याकडून उचललेलं.

एकोणीस जण.
सरांनी फळ्यावर माझं नाव लिहून खाली रेघ मारली.

पण फॉर्ममध्ये एक ओळ घालायची मी विसरले होते,
टाइप केलेलं गिळून टाकणारी,
कुणालाही न दाखवणारी.
एकोणीस पासवर्ड माझ्या स्क्रीनवर,
दोरीवर वाळत घातलेल्या आतल्या कपड्यांसारखे.
फाईल मिटवायला हात गेला,
नजर त्याआधीच जाऊन आली होती.
कुणाची लग्नाची तारीख. कुणाची मांजर.
परीक्षा विभागातल्या बाईंचा ‘देवा’, पुढे एक दोन तीन चार.
आणि ग्रंथालयातल्या सगुण गावसांचा
जीए शून्य चार, टी, चार चार एक सात.

मी खाणपट्ट्यातली. मला हे वाचता येतं.
आमच्या वाड्यावर असे आकडे
अंगणाअंगणात उभे असायचे तांबड्या धुळीत.
खाणी थांबल्या, चाकं मातीत रुतत गेली,
टपावर दोडकीचा वेल चढला, दोडकी लागलीसुद्धा,
मग एके सकाळी भंगारवाला
गॅसचा सिलिंडर घेऊन कापायला आला.

ते रोज नऊ वाजता तो नंबर टाइप करतात
आणि पुस्तकांची यादी उघडते.

दुपारी लॅबच्या दाराशी उभे, चपला बाहेर काढून.
“बाय, म्हजें चुकलें. पगार कापतले?”
मी म्हटलं, काका, खोटं मी लिहिलं, तुमचं काय चुकलं?
ते जरा थांबले.
“पूण बरें बरयलां तुवें.”
माझ्या मराठीला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं.
मला कुठे बघावं कळेना.

नवा पासवर्ड घ्यायला बसवलं त्यांना.
सर सांगतात तेच सांगितलं:
नाव नको, तारीख नको, जवळचं काहीच नको.
“लागींचें न्हय जाल्यार याद कशें उरतलें?”
याचं उत्तर माझ्या कुठल्याच वहीत नव्हतं.
मी खिडकीकडे तोंड केलं.
कळा वाजत राहिल्या, थांबल्या,
काहीतरी खोडलं गेलं,
पुन्हा वाजल्या, बराच वेळ.

अहवालात ‘आढळलेल्या त्रुटी’ असा रकाना असतो.
त्यात मी विसरलेली ओळ लिहिली.
सरांनी पाच गुण कापले. बरोबर कापले.

संध्याकाळी खांडेपारच्या पुलावर
आमच्या बससमोर एक ट्रक रखडत चालला होता.
यतीन म्हणाला, केवढा जुना आहे बघ.
मी खाली नदीकडे बघत होते.
चार चार एक सात.
आता त्याने काहीच उघडत नाही.