येर्नेयचं नाक

जानेवारीच्या तापात त्याचं नाक गेलं.
म्हणजे आहे जागेवर, तसंच लांब, शेंड्याशी लाल,
फक्त त्यातून आत आता काही येत नाही.
दारावर बुर्या आपटतो, आमचा कोरडा वारा,
डोंगरावरून त्रिएस्तेच्या बंदराकडे सुटलेला.
येर्नेय खिडकी उघडतो, हुंगतो, बंद करतो.

चाळीस वर्षं त्याने नाकाने कांदे सोलले.
सोसायटीच्या तळघरात प्रत्येक पिंपात
आधी त्याचं नाक जायचं, मग नळी.
घरी, रविवारी, तीन बाटल्या जुन्या मोज्यांत घालून,
आणि समोर मी, तोंडी परीक्षेला बसल्यासारखी.
"ब्रेदा, काय येतंय?"
मी म्हणायचे, द्राक्षं.
तो डोळे मिटून घ्यायचा,
दुखरी दाढ सोसावी तसं मला सोसायचा,
मग वहीत लिहायचा: अकेशियाचं फूल, नाशपतीची साल,
ओला चुनखडक.
मी ओला चुनखडक कधी हुंगला नव्हता.
अंगणात तोच होता, सगळीकडे.

आता वही माझ्याकडे.
पेन्सिलीला टोकही मीच काढलं.

पहिला मोजा. पांढरी.
"सांग."
"आगकाडी. आत्ताच विझलेली."
"आणि?"
"तुझ्या आईचं कपाट."
"कुठला कप्पा?"
इतक्या रविवारांत त्याने पहिल्यांदा
मला पुढचं काही विचारलं.
"खालचा. चादरींत सफरचंदं ठेवायची ना ती, तो."
"वितोव्स्का," तो म्हणाला.
मोजा काढला. वितोव्स्काच.

वहीत प्रत्येक पांढरीसमोर मासा आहे.
मी कालचे उकडलेले बटाटे आणले, थंडच, मीठ भुरभुरून,
कारण घरात तेच होते.
मीठ कळतं त्याला. आंबट, गोड, कडू कळतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीभ शाबूत आहे,
नाकाचं मी काही सांगू शकत नाही.
"चालेल," तो म्हणाला, नाक मुरडून.
तेवढं मात्र अजून जमतं.

दुसरी मला आवडली नाही.
तसं लिहिलं: आवडली नाही.
अक्रोडाबरोबरही नाही.
तो वाकून वाचत राहिला, जणू कुणी चूल घराबाहेर मांडलीय.

तिसरीला मोजा नव्हता.
नेझ्का जन्मली त्या वर्षीची तेरान,
तिच्या लग्नासाठी ठेवलेली,
आणि नेझ्का म्हणते, लग्न कशाला?

बूच तुटलं. अर्धं भुकटी होऊन आत पडलं.
त्याने ग्लास दिव्यासमोर धरला,
कडेचा तपकिरी रंग पाहिला, घोट घेतला.
"आंबट आहे. पण तेरान आंबटच असते."
आणि माझ्याकडे पाहिलं,
तापात मी थर्मामीटर उजेडात धरायचे
तेव्हा पाहायचा तसं.

शब्द तयार होते. त्याचेच, पानोपानी:
रानातली तुती, जुनं चामडं, पावसानंतरची लाल माती.
कुठलाही उचलून दिला असता
तरी त्याने घेतला असता.

"नेलपॉलिश," मी म्हणाले. "आणि लोणच्याची रिकामी बरणी."

छपरावरचा एक दगड वाऱ्याने सरकला.
बराच वेळ तेवढंच.
मग तो उठला, खुर्चीला धरून,
रादिच्यो धुतला, हातानेच फाडला,
त्यावर सकाळचा उकडलेला घेवडा, लसूण, मीठ,
आणि सत्तावीस वर्षं जपलेली बाटली
तोंडाशी अंगठा धरून
शिंपडली.

एकाच वाडग्यातून खाल्लं आम्ही.
तिसऱ्या घासाला त्याचे कान लाल झाले,
डोळ्यांना पाणी आलं, आता ते आंबटाचं की कशाचं.
"हे," तोंडात घास तसाच, "हे येतंय मला."

मी तेरानसमोर लिहिलं: कोशिंबीर.
त्याने पेन्सिल मागितली नाही.
म्हणाला, घेवडा लिही.
घेवड्याशिवाय नाही लागणार.