पन्नास टनांपुढे

ग्डीन्याच्या गोदीमागे, दुसऱ्या मजल्यावर
बोगुमिला बोल्टांचा हिशेब मांडते.
पन्नास टनांपर्यंत कुणी हटकत नाही;
तिचे भरतात एकसष्ट.

पाच वर्षांचे ताळेबंद? आहेत.
जकातीचा गुन्हा?
एक होता, सिगारेटींचा, नवऱ्याच्या नावावर.
नाव ठेवलंय, नवरा सोडला.

मग धूर: टनामागे किती?
इस्केंदेरूनच्या कारखान्याला तिसरं पत्र गेलं
तेव्हा उत्तरादाखल एक फोटो आला:
चिमणी, वर करकोचाचं घरटं,
खाली पेनानं, 'जवळजवळ नाहीच.'

मी आकडा भरायला घेतो.
ती फोटो दिव्याखाली धरते.
आमच्याकडे, म्हणते,
पेटत्या चिमणीवर करकोचा बसत नाही.
मग माझे बोल्ट
कुणाच्या भट्टीतले?

नशीब, मी पेन्सिलीनं लिहीत होतो.