निसटलेलं टिंब

दर महिन्याला वडगावच्या वाचनालयातून
पोतंभर कादंबऱ्या सायकलला लावून मी न्यायचो
शहापुरात, चन्नमल्लप्पाकडं बाइंडिंगला.
कणा मोडलेल्या, पहिली सोळा पानं वाळवीला गेलेल्या,
कुणी समासात दुधाचा हिशेब लिहिलेल्या.

तो शिवायचा मागावरच्या उरल्यासुरल्या रेशमानं.
त्यामुळं आमच्याकडची रडवीतली रडवी कादंबरीही
आतून कुठंतरी राणी रंगाची.

मराठी त्याला बोलायला येई, वाचताना अडखळे.
नावं मात्र मोठ्यानं वाची, खिळे जुळवता जुळवता.
'वत्सलेचे मौन... मौन म्हंजे गप्प ऱ्हायाचं न्हवं री?'
होय.
'मग येवढी जाड कशी?'

जुनी वाक्यं त्याला लई आवडत.
'तिच्या मुखचंद्रावर विषादाची छाया पसरली'
असं मी वाचलं की खळीचा ब्रश खाली ठेवायचा.
'विषाद. आमच्यातबी तेच.'
आणि कादंबरी?
'तेबी तेच.'
त्या साली रात्री पाट्यांवर डांबर फासलं जाई,
कधी ह्यांच्या, कधी त्यांच्या.
हा दिवसभर पुठ्ठ्यांवर सोनेरी अक्षरं दाबत बसलेला.

एकदा 'सांज उतरेपर्यंत' दिली,
परत आली 'साज उतरेपर्यंत'.
टिंब कुठाय?
त्यानं खिळ्यांचा खण उपडा केला, फुंकून बघितला.
'संपली री. अंताजीपंतांच्या बंगल्यात गेली सगळी.'
पैसे कापून घ्या म्हणाला.

मी चिडून घरी आलो. रात्री झोप येईना म्हणून
तीच उघडली. पूर्वी दोनदा वाचलेली.
शेवटचं प्रकरण: नाटक कंपनी फुटलीय,
शेवंती आरशापुढं बसून दागिने काढतेय,
नथ, वाक्या, मग केसातलं गंगावन,
दागिन्यागणिक अर्धं अर्धं पान.
लेखकाला काही घाई नाही,
'तदनंतर' म्हणतो आणि बांगडीकडं वळतो.
सांज? ती एका ओळीत उरकलीय.

सकाळी जाऊन पुरे पैसे दिले.
कारण सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.
रजिस्टरात मात्र जुनंच नाव राहिलंय.

परवा हलग्याची एक मुलगी 'साज' परत द्यायला आली,
यादीवर बोट ठेवून म्हणाली, आता ही 'सांज' द्या.
मी तेच पुस्तक तिच्यापुढं सरकवलं.
तिनं पुठ्ठा बघितला, मला बघितलं,
आणि घेऊन गेली.
अजून आणलेलं नाही.