सुटणारी गाठ

चौदा ऑगस्टच्या रात्री
बाबा मांडीवर झेंडा घेऊन बसायचा.
शाळेचा शिपाई तो, चर्चची घंटाही त्याच्याकडेच.
दोन दोर सांभाळायचा:
एक ओढला की घंटा वाजते,
एक ओढला की झेंडा सुटतो.

घडीत तेरड्याच्या पाकळ्या भरायचा, अंगणातल्या.
मग गाठ.
"पाह्य पोरी, वर जायेलोक धरून राह्यली पाह्यजे
आन् एका हिसक्यात सुटली पाह्यजे.
घट्ट बांधनं तं कोनालेबी येते."

घट्ट बांधणं त्यालाही येत होतं.
एलिया काका आणि त्याच्यात
अकरा वर्षांची एक गाठ होती, हातभर धुऱ्याची.
खारपाणपट्ट्यातली काळी जमीन,
उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेग पडते,
पावसाळ्यात आपली आपण बुजते.
यांची बुजली नाही.
चर्चमध्ये एक डाव्या बाकावर, एक उजव्या,
आणि प्रार्थनेत क्षमेची ओळ आली
की बाबाला नेमका खोकला यायचा.

बाबाचं नाव सिलास.
त्या नावाचा एक जुना माणूस
बेड्यांत, मध्यरात्री, गात बसला होता म्हणे,
आणि तुरुंगाची दारं उघडली तरी पळाला नाही.
मी विचारायचे, मग तो सुटला केव्हा?
बाबा म्हणायचा, गात होता ना, तवाच.

त्या वर्षी पंधरा ऑगस्ट रविवारी आला.
पहाटेपासून झिमझिम. सुताची दोरी भिजून फुगली.
सरपंचबाईंनी हिसका दिला.
पुन्हा दिला.
तिसऱ्यांदा दिला तेव्हा खांबच हलला,
बोरवेलच्या जुन्या पाइपाचा, तसा बुटकाच.
खाली घ्यावा तर दोर कप्पीत अडकलेला.
वर झेंडा गाठोड्यासारखा,
ढोलवाला पोरगा काड्या उगारून तसाच.
शिडी ग्रामपंचायतीत, कुलपात,
किल्ली दर्यापूरला गेलेल्या माणसाच्या खिशात.
कुणीतरी हसलं. बाबाचे कान लाल झाले.

तेव्हा गर्दीतून एलिया काका आला.
नात कवायतीत होती म्हणून आलेला,
इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.
खांब धरून उकिडवा बसला, म्हणाला,
"चढ."

बाबा चढला, चिखलाच्या पायांनी.
बोटांनी सुटेना, म्हणून दातांनी.
पाकळ्या काकाच्या टकलावर पडल्या
आणि राष्ट्रगीत सुरू झालं.
आता हलायचं कसं?
बावन्न सेकंद सगळं गाव सावधान,
आणि बाबा भावाच्या खांद्यांवर सावधान.
काकाचे गुडघे थरथरताना मी पाहिले.
एवढी बारीकसारीक थरथर
त्या गीतात आहे, हे मला माहीत नव्हतं.

उतरल्यावर दोघं काही बोलले नाहीत.
बाबा घंटा वाजवायला गेला, उशीर झाला होता.

रात्री अंधारात, मला वाटलं झोपला,
तेवढ्यात म्हणाला,
"आपल्याले फुकट भेटते ते
कोनीतरी खांद्यावर घेतलेलं असते, पोरी.
देश असो का तारन."
आणि कूस बदलली.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा चर्च.
भजन अर्ध्यावर असताना काका आत आला.
सदरा बदलला नव्हता त्याने,
दोन्ही खांद्यांवर दोन पावलं, चिखलाची,
वाळत आलेली.
आमच्या बाकाशी थांबला. बाबा सरकला.
पाळक देशासाठी प्रार्थना करत होते,
सगळ्यांचे डोळे मिटलेले.
मी ती पावलं मोजत होते, पुन्हा पुन्हा, दोनच.

क्षमेची ओळ आली.
खोकला आला नाही.

धुरा अजून मोजला नाही कुणी.