शिवण बाहेरून

पोर्वेनीरला वारा खिडकीतून येत नाही,
भिंतीतूनच येतो.
घरात हीटर रात्रभर हवा भाजत बसतो
आणि बाल्तासारच्या कोपराच्या लवणीत
पहाटेपर्यंत रक्ताचे चार ठिपके.

मी लोकर निवडते. दिवसाचे आठ तास.
मेंढ्यांची चरबी मुरून मुरून
माझे हात गावात सगळ्यांत मऊ झालेत,
आणि त्याच हातांनी
माझ्याच पोराला चटकन उचलता येत नाही.
आधी गोदामाचे कपडे दाराबाहेर, शेडमध्ये,
दात वाजवत बदलायचे.
मग कोपरापर्यंत हात धुवायचे.
आत तो भोकाड पसरून माझं नाव शिकत असतो.

पाणी कोमट. पाच-सात मिनिटं, बास.
अंग पुसायचं नाही, टिपायचं.
ओल आहे तोवर मलम,
पावावर लोणी थापावं तसं जाड, चोळायचं नाही.
दुसरी ट्यूब, स्टेरॉइडची,
मी आठवडाभर कपाटात पिठामागे लपवली होती.
भीती वाटली, दुसरं काय.
नर्स मार्गोट रागावली नाही.
माझंच बोट धरून म्हणाली,
या एका पेराएवढं, एवढंच,
पण तेवढं लाव.

सासूबाईंनी, नेवेंकांनी,
तो पोटात असल्यापासून विणलेला निळा स्वेटर.
"लोकर नको," असं डॉक्टर म्हणाले
ते मीच त्यांना सांगितलं.
लोकरीवर तीन पिढ्या जगलेल्या घरात
दोन महिने माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

मग एका रविवारी त्या पिशवी घेऊन आल्या.
लग्नातल्या सुती चादरी,
धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या,
कापून त्यांचे चार सदरे,
हातांवर चढवायला पिशव्या.
उलीसेस हसला. "आई, शिवण बाहेर आलीय. उलटा शिवलास."
नाकावरचा चष्मा न सरकवता त्या म्हणाल्या,
"त्याच्या बाजूने सुलटाच आहे."

बरा झालेला नाही तो.
काल पुन्हा मान खाजवली, ओरबाडली.
गावाच्या नावाचा अर्थ 'पुढे येणारं',
पण मला पुढचं काही दिसत नाही,
मी ठिपके मोजते.
आज दोन.
निळा स्वेटर गरम पाण्याच्या बाटलीला घातलाय,
माझ्या पायाशी,
आणि त्याला अजिबात खाज येत नाही.